रविवारचा भाग

फांदी मोडल्याचा आवाज आला तेव्हा वेंडेलला वाटलं, फांदीच मोडली. त्याने गाडी तशीच थोडी पुढे घेतली. मग छपरावरून काहीतरी खरवडत मागे गेलं आणि आर्डिसच्या खिडकीबाहेर एक काळी वायर लोंबू लागली.

"थांब," आर्डिस म्हणाली.

तो थांबला. इंजिन चालूच होतं. समोर कॅम्पचं फाटक होतं आणि फाटकाजवळ शेजारच्या गाडीतला गृहस्थ कुत्र्याला फिरवत होता. तो आणि कुत्रा, दोघंही आता मान वर करून यांच्या छपराकडे बघत होते.

"अँटेना," ती म्हणाली.

"कळलं मला."

"खाली घेतला नव्हतास?"

वेंडेलने स्टिअरिंगवरून हात फिरवला, जणू तिथे काही सापडेल. टीव्ही बघायला अँटेना वर केला की स्टिअरिंगला कपड्यांचा चिमटा लावून ठेवायचा, आणि सकाळी चिमटा दिसला तर अँटेना खाली घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा त्यांचा नियम होता. त्यांचाच नव्हे, हिवाळाभर अशा गाडीलाच घर करून हिंडणाऱ्या निम्म्या लोकांचा.

"चिमटा नव्हता," तो म्हणाला. "मी बघितलं. चिमटा असता तर मी हललो असतो का?"

आर्डिसने मागे वळून पाहिलं. चिमटा ओट्यावर होता, बटाट्याच्या वेफर्सच्या पुडक्याला लावलेला. काल संध्याकाळी काउबॉयांचा जुना सिनेमा बघताना ते पुडकं वेंडेलने संपवत आणलं होतं आणि बंदही त्यानेच केलं होतं.

"वेफर्स मात्र कुरकुरीत राहिले असतील," ती म्हणाली.

तो उतरला. मागच्या शिडीवरून छपरावर चढायला त्याला वेळ लागला. अँटेना बुंध्यातून मोडून आडवा पडला होता आणि जिथून मोडला तिथे छपराला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. खालून कुत्रेवाला गृहस्थ त्याला धीर देत होता.

"होतं हो असं! मी तर एकदा पाण्याची नळी काढायची विसरलो. कॅम्पचा अख्खा नळ उपटून घेऊन निघालो. पुढच्या गावात पेट्रोल भरणारा विचारतो, काका, हे शेपूट कसलं?"

वेंडेलने भोकावर चिकटपट्टीचे थर दिले. मिनेसोटात त्याने जन्मभर दूध डेअरीचा टँकर चालवला होता. बर्फात, धुक्यात, पहाटेच्या काळोखात. त्या टँकरला कधी ओरखडा आला नव्हता. शिडी उतरताना त्याचा पाय शेवटच्या पायरीवर चाचपडला, आणि गृहस्थाने ते न पाहिल्यासारखं केलं.

"तुमच्याकडे सिनेमाच्या डिस्क आहेत ना? माझ्याकडे खोकंभर आहेत, घेऊन जा."

"नको, कशाला उगाच."

"अहो घ्या. आम्ही दहादा बघितलेत."

"नको नको. चालेल आमचं."

गृहस्थ आत जाऊन खोकं घेऊनच आला आणि वेंडेलने ते घेतलं. तो माणूस आयोवाचा होता, म्हणजे मिनेसोटाच्या शेजारचाच.

दुपारी न्यू मेक्सिकोत वारा सुटला. उंच गाडीला वारा आडवा लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी त्याच्याकडे ओढली जाते आणि मग बाहेर फेकली जाते. वेंडेल दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. खांदे कानांपर्यंत वर आले होते. आर्डिसच्या मांडीवर नकाशा होता, पण रस्ता सरळच होता आणि नकाशात बघण्यासारखं काही नव्हतं. मागच्या कपाटात बशा बारीक किणकिणत होत्या.

"आज रविवार," तो म्हणाला. "आणि आजच मोडायचा होता."

"जाऊ दे."

"तुझा भाग चुकणार."

"एक भाग चुकला तर काय होतंय?"

रविवारी संध्याकाळी, ज्या गावात असतील तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर, ती बेटावरची मालिका लागत असे. सप्टेंबरपासून त्यांनी एकही भाग सोडला नव्हता. निदान आर्डिसने. सुरुवातीला समुद्र दिसे, धुकं दिसे, घंटा वाजवत येणारी फेरीबोट दिसे. आणि बोट धक्क्याला लागायच्या आत वेंडेलचा डोळा लागे. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला ती घंटा म्हणजे अंगाईच. दुसऱ्या दिवशी रस्त्याला लागलं की आर्डिस त्याला गोष्ट सांगे. एका दिवसात संपली नाही तर आठवडाभर पुरवून सांगे. तिला घाई नसे. टीव्हीवर बघण्यापेक्षा तिच्याकडून ऐकायलाच आपल्याला जास्त आवडतं, हे वेंडेलला कळून चुकलं होतं, पण तसं त्याने कधी म्हटलं नव्हतं.

"मागचं राहिलंय ना थोडं?" तो म्हणाला. "ते तरी सांग. वाऱ्याने डोकं उठलंय माझं."

आर्डिसने नकाशाची घडी घातली.

"कुठपर्यंत आलो होतो?"

"नेल ती खोली बघायला गेली होती. चोरून."

"चोरून नाही. बाजारात गेली होती, तिथून गेली." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बेकरीच्या वरची खोली. जिन्यात पावाचा वास. दार ढकललं तर उघडंच. जागा लहान, पण जमीन सपाट."

"जमीन सपाटच असते."

"बोटीवर नसते. इतकी वर्षं बोटीवर काढली तिने आणि तिच्या म्हाताऱ्याने. तिला उभं राहायला आधार धरायची सवय लागलेली. तर ती मधोमध उभी राहिली, कशाला न धरता. आणि मग न्हाणीघर. तिथे टब होता. जुना, पाय असलेला. बाजूला खिडकी. टबात बसलं की शाळेचं पटांगण दिसतं."

"मग?"

"मग ती त्यात बसली."

"आंघोळीला?"

"नाही रे. कपड्यांसकट. पाणी न घेता. नुसती."

वेंडेल हसला. ट्रक गेला. त्याने चाक सावरलं.

"आणि खून?"

"कसला?"

"अगं, खुनाची मालिका आहे ना ती? कुणीतरी मेलं असेल की नाही?"

"हां. मेला ना. मासळीवाला." ती खिडकीबाहेर बघत होती. "त्यात काही विशेष नव्हतं."

"म्हाताऱ्याला सांगितलं का तिने खोलीचं?"

"इलायला? नाही."

"का?"

"तो म्हणेल, मला बोटीवरून उतरवायला बघतेस."

"म्हणेलच. जन्मभर बोट चालवलेला माणूस. त्याला जिन्यावर नेऊन बसवलं तर काय करेल? पाव मोजेल?"

"हो," आर्डिस म्हणाली.



"मग पुढे?"

"पुढचं अजून दाखवलेलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. जोलीनचा, म्हणजे मुलीचा. आर्डिस फोन कानाला घट्ट धरून बोलली. हो. हो. नाही अजून. बघते. बरं. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

"काय म्हणते?"

"काही नाही. बर्फ पडलाय."

जोलीनच्या गावात शाळेच्या मागे म्हाताऱ्यांसाठी एक इमारत उभी राहिली होती. दक्षिणेला निघायच्या आधी जोलीन दोघांना ती दाखवायला घेऊन गेली होती. वेंडेल दारातच उभा राहिला होता. स्वागतकक्षात एक बाई मोठ्या टीव्हीसमोर झोपली होती. "इथे काय, पार्सलं ठेवतात का?" तो म्हणाला होता, जरा मोठ्यानेच, आणि गाडीत जाऊन बसला होता. आर्डिस आणि जोलीन वर जाऊन आल्या. हमरस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं होतं, "मग काय, अजून एक हिवाळा?" ती म्हणाली होती, "चालेल." मग ते खाली आयोवात, मिसूरीत उतरले होते, नेहमीसारखे.

डेमिंग गावाच्या अलीकडे त्यांनी कॅम्प गाठला. वेंडेलने गाडी जागेवर लावली, पण पहिल्या फटक्यात लागली नाही. पुढे-मागे करावं लागलं. मग चाकांखाली फळ्या, मग पाणी, मग वीज, मग ती सांडपाण्याची जाड नळी, जी जोडताना श्वास रोखून धरावा लागतो. हे सगळं तो डोळे मिटून करू शकला असता. आज त्याला मध्येच खाली बसावंसं वाटलं, आणि तो बसला, गाडीच्या पायरीवर. आतून आर्डिसच्या आंघोळीचा आवाज येत होता. पाणी सुरू. पाणी बंद. मग साबण लावेपर्यंत काहीच नाही. मग पुन्हा पाणी. टाकी लहान, या गाडीत सगळे असेच आंघोळ करतात. पाणी बंद असताना तिला किती वेळ लागतो हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. फार वेळ लागत होता. मग काहीतरी पडलं, बहुधा साबण, आणि ते उचलायला आणखी वेळ लागला.

तो ऑफिसात गेला आणि येताना जरा बऱ्या चालीने आला.

"काम झालं," तो म्हणाला. "इथल्या हॉलमध्ये टीव्ही आहे. रविवारी सगळे तीच मालिका बघतात. सातला."

आर्डिस केस पुसत होती. तिचा हात थांबला.

"अरे, त्या गृहस्थाने दिलेल्या डिस्क आहेत की. त्यातला एखादा सिनेमा लावू."

"सिनेमा उद्या. चल तू."

"मला कपडे धुवायचेत."

"कपडे उद्या धू."

"उद्या मशीनवर गर्दी असते. तूही राहू दे. दमलायस. तिथे जाऊन झोपशील आणि लोकांसमोर घोरशील."

"खुर्चीत बसणारच नाही. उभा राहून बघतो." त्याला ही कल्पना आवडली होती. "आज मी बघतो आणि तुला सांगतो. नेहमी तूच सांगतेस."

"वेंडेल, मधूनच बघितलं तर काही कळत नाही रे."

"मधून कसं? सगळं तर माहीत आहे मला."

तिने साबणाची पावडर घेतली, कपड्यांची पिशवी घेतली, पायरीखाली ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर आधी एक पाय, मग दुसरा असं करत उतरली आणि कपडे धुवायच्या खोलीकडे निघाली. थोडं गेल्यावर वळून म्हणाली, "टोपी घाल. वारा आहे."

हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. बहुतेक जण दोन-तीन महिने इथेच मुक्काम ठोकून असावेत. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली दिसत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक मोठं चित्रकोडं अर्धं जुळवून ठेवलं होतं. वेंडेल भिंतीला टेकून उभा राहिला. लाल स्वेटर घातलेली एक भरभक्कम बाई पेकन पायच्या, म्हणजे अक्रोडासारखा मेवा भरून भाजलेल्या गोड पदार्थाच्या, बशा वाटत होती. ती त्याच्याजवळ आली.

"नवीन दिसता. मी वॅनेटा. टेक्ससची. घ्या, घरची आहे."

"नको, थँक्यू. जेवण झालंय."

"बरं," वॅनेटा म्हणाली आणि बशी पुढच्या माणसाला दिली.

वेंडेल जरासा चमकला. त्याच्या मुलखात असं कुणी करत नसे. तिकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा दिलं की म्हणायचं, नको, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा दिलं की बरं, अगदी छोटा तुकडा. देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं; तीनदा विचारण्याआधी बशी परत नेणं म्हणजे मनात द्यायचंच नव्हतं. तो बशीकडे बघत राहिला. पेकन पाय चांगली दिसत होती. ज्याला मिळाली तो माणूस चमचा चाटत होता.

मालिका सुरू झाली. समुद्र, धुकं, घंटा. वेंडेलने डोळे मोठे केले. बोट धक्क्याला लागली. त्याने ती पहिल्यांदाच लागताना पाहिली. बोटीतून एक तरुण मुलगी उतरली आणि तिने दोर खुंटाला गुंडाळला.

"आज म्हातारा काय म्हणतो बघायचं," वेंडेल वॅनेटाला हळूच म्हणाला. जाणत्या माणसासारखा.

"कोणता म्हातारा?"

"इलाय. बोटवाला. बायको त्या खोलीचं सांगते की नाही ते."

वॅनेटाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, इलाय तर तुरुंगात आहे."

"तुरुंगात?"

"पहिल्याच भागात नाही का त्याने बायकोला पाण्यात ढकललं? तिथूनच तर सगळं सुरू होतं."

"नेलला?"

"नेलच ना ती? हो, नेल. बिचारी कॉफी घेऊन आली होती त्याच्यासाठी." ती पुढच्या रांगेकडे झुकली. "बर्ट, यांना वाटतं नेल जिवंत आहे!"

"भूत दिसलं असेल," पुढून बर्ट म्हणाला. दोघंतिघं हसले.

"तुम्ही आत्ताच बघायला लागलात का?" वॅनेटाने विचारलं.

"नाही. सप्टेंबरपासून बघतोय."

"झोपेत बघत असणार," बर्ट म्हणाला, आणि आता सगळेच हसले. वाईट हसणं नव्हतं ते.

"हो," वेंडेल म्हणाला. "झोपेतच."

पडद्यावर दोन पोलीस वाळूत काहीतरी उकरत होते. तो बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा विचारलं, "आणि बेकरी?"

"कसली बेकरी?"

"गावात. जिच्या वर खोली आहे."

"बेकरीच नाहीये त्या बेटावर," वॅनेटा म्हणाली. "पाव बोटीने येतो. मागच्या महिन्यात वादळ झालं तेव्हा तीन दिवस पाव नव्हता, त्यावरून अख्खा भाग होता. तुम्ही खरंच झोपला होता की हो."

वेंडेलने टोपी काढली आणि हातात धरली. उकडत होतं. वाळूतून एक बूट निघाला. पोलीसबाईने तो उचलून उजेडात धरला, आणि वेंडेल त्या बुटाकडे बघत असूनही त्याला दिसत होतं ते दुसरंच काही. शाळेच्या मागची ती इमारत. तो खाली गाडीत बसलाय. जोलीन एकटीच दारातून बाहेर येते आणि खांदे उडवते. आर्डिस अजून वरच आहे. तो हॉर्न वाजवतो. कुणी येत नाही. तो पुन्हा वाजवतो, लांबलचक. मग ती येते, कोटाची मागची बाजू चुरगळलेली. काय करत होतीस इतका वेळ, तो म्हणतो. काही नाही, ती म्हणते. छान आहे.

आणि हमरस्त्याला लागल्यावर त्याने एकदा विचारलं होतं. एकदाच.

वॅनेटा पुन्हा बशा घेऊन उठली. एक तुकडा उरला होता. तो तिने बर्टला दिला.

भाग संपेपर्यंत वेंडेल थांबला. कोण कुणाचा होता हे त्याला कळलं नाही. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दिवे लावले. "येत जा," वॅनेटा म्हणाली, "आम्ही समजावून सांगू तुम्हाला." तो हो म्हणाला.

बाहेर वारा पडला होता. गाड्यांच्या खिडक्यांतून टीव्हीचे निळे उजेड हलत होते, एकाच्या शेजारी एक, आणि कुठल्या तरी गाडीत कुणी कुणाला ओरडून सांगत होतं की आवाज कमी कर. वेंडेल आपल्या गाडीपाशी गेला. आत अंधार होता. मग तो कपडे धुवायच्या खोलीकडे वळला.

आर्डिस एकटीच होती. ड्रायर थांबला होता आणि टेबलावर कपड्यांचा ढीग होता. ती उभी होती, एका हाताने टेबलाची कड धरून, दुसऱ्या हाताने टॉवेल झटकत. तो आत आला तरी तिने मान वर केली नाही.

"संपला?"

"संपला."

त्याने ढिगातून एक मोजा उचलला आणि त्याचा जोडीदार शोधू लागला. तसं तो कधी करत नसे.

"झोपला नाहीस?"

"नाही."

आर्डिसने टॉवेलची घडी घातली. घडी वाकडी झाली होती. तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

"लोक कसे होते?"

"बरे होते. टेक्ससची एक बाई होती. पेकन पाय देत होती." तो थांबला. "मला नाही मिळाली."

"नको म्हणाला असशील."

"हो."

ती किंचित हसली. कपाटात कुणीतरी सोडून गेलेली मासिकं आणि सिनेमांच्या डिस्क होत्या. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मग काय दाखवलं?"

वेंडेलला मोज्याचा जोडीदार सापडला होता. त्याने दोन्ही एकमेकांवर ठेवले, सरळ केले.

"म्हातारा," तो म्हणाला. "त्याला कळलं खोलीचं."

आर्डिसचे हात टॉवेलवर होते तसेच राहिले.

"कसं कळलं?"

"ते नाही दाखवलं. पण कळलं. तर तो बायकोपाशी गेला आणि म्हणाला, त्या खोलीत जाऊ या राहायला." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, मुलं वर्गात धडा म्हणतात तसा येत होता. "ती म्हणाली, नको. बोटीवर बरं आहे."

"नेल म्हणाली?"

"हो."

"नेल असं म्हणाली?" तिने आता त्याच्याकडे पाहिलं.

वेंडेलने नजर मोज्यांवरून काढली नाही. "म्हणाली. मग त्याने परत विचारलं. ती म्हणाली, कशाला उगाच, तुला करमायचं नाही तिथे."

"बरोबर आहे तिचं. नाहीच करमणार त्याला."

"नाही करमणार," वेंडेल म्हणाला. "तसं त्याला बोटीवरही हल्ली धड करमत नाही. धक्क्याला लावताना दोनदा-तीनदा पुढे-मागे करावं लागतं." त्याने मोजे घडीवर ठेवले. "तर मग त्याने तिसऱ्यांदा विचारलं."

बाहेरून कुणीतरी पायऱ्या चढत आलं, दार ढकललं, आत दोघांना बघितलं, आणि मशीन रिकामी असूनही "येते नंतर" म्हणून गेलं.

"तिसऱ्यांदा काय म्हणाली?" आर्डिसने विचारलं.

"तेवढ्यात भाग संपला."

ती खाली बघत होती. तिने शेवटचा टॉवेल उचलला, कडा जुळवल्या, आणि त्या जुळल्यावरही हातांनी बराच वेळ सरळ करत राहिली.

"तिसऱ्या मजल्यावर आहे," ती म्हणाली. "पण लिफ्ट आहे."